टीक, लाख आणि कलघटगीचा पाळणा

हुबळीहून यल्लापूर-कारवारच्या रस्त्याला लागलं की वाटेत कलघटगी लागतं. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी या गावाचं नाव आहे. इथले चित्रगार सागवानी पाळण्यावर लाखेचे रंग चढवतात आणि त्यावर कृष्णाच्या, रामायणाच्या कथा रेखाटतात. पहिल्या बाळासाठी माहेरहून असा पाळणा द्यायची इकडे रीत आहे. पुढे तोच पाळणा नातवंडांनाही जोजवतो.

आज मला सांगायचं आहे ते याच पाळण्यातल्या दोन इंग्रजी शब्दांबद्दल.

पहिला शब्द लाकडाचा. मराठीत आपण साग म्हणतो, तो संस्कृत 'शाक'वरून. इंग्रज मात्र 'टीक' म्हणतात. हा शब्द आला कुठून? शास्त्रीय नाव आहे 'टेक्टोना ग्रँडिस'. ग्रीकमध्ये 'टेक्टोन' म्हणजे सुतार आणि संस्कृतात 'तक्षन्' म्हणजेही सुतार. हे दोन्ही एकाच मूळ कुळातले. मग 'टीक'ही त्यांचाच, असं सहज वाटतं. पण ते खरं नाही. हे ग्रीक वळणाचं नाव अठराव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलं. झाडाचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव त्याच्या कितीतरी आधीचं. मल्याळम आणि तमिळमध्ये 'तेक्कु', तेलुगूत 'टेकु' आणि कलघटगीच्या कानडीत 'तेग'. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ते ऐकलं, त्याचं 'तेका' केलं आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी उचललं. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही हीच वाट दाखवली आहे. म्हणजे 'टीक'चे पूर्वज द्राविडी.

दुसरा शब्द रंगाचा. संस्कृत 'लाक्षा', प्राकृत 'लक्खा', त्यातून आपली 'लाख'. हाच शब्द फारसी-अरबी आणि युरोपीय भाषांमधून फिरत इंग्रजीत 'लॅक' झाला. 'लॅकर' हा त्याच घराण्यातला, पोर्तुगीजमार्फत आलेला.

एका पाळण्याच्या लाकडाला द्राविडी वंशाचं इंग्रजी नाव, तर त्यावरच्या रंगाला संस्कृत वंशाचं. दोन्ही शब्द व्यापाराच्या वाटेनं परदेशी गेले.

म्हणून शब्दाचं मूळ शोधताना नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर जाऊ नका. ती वस्तू कुठे पिकत होती, कोण विकत होतं आणि कोण विकत घेत होतं, हे आधी विचारा. आणि संस्कृत-ग्रीकपाशी न थांबता आपल्या शेजारच्या कानडी, तेलुगू, मल्याळमलाही विचारा. अनेक उत्तरं तिथेच मिळतात.