आपले चित्र आपल्या हातचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी शाळेतली साधी चित्रकलेची शिक्षिका. बोलायची सवय वर्गापुरतीच, तेव्हा काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर कोळीवाड्यातले. कोळीण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. कॅलेंडरावर, सिनेमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती सदा नाचत असते. अंबाड्यात वेणी, कमरेवर हात आणि मागे पौर्णिमेचा चंद्र!

गंमत अशी, की कलाशाळेत असताना मीही कोळीण काढली ती अशीच. दुसऱ्यांची चित्रे पाहून पाहून माझाही हात तसाच वळला. चित्राला बक्षीस मिळाले. हौसेने ते घरी नेले. आई नुकतीच बाजारातून आली होती. तिने चित्र लांब धरून पाहिले आणि एवढेच विचारले, “अगो, हिची पाटी भरलेली हाय का रिकामी? भरली असती तर मान अशी वळली असती का?”

मला उत्तर देता आले नाही. भरल्या पाटीखाली मान ताठ ठेवावी लागते, बर्फाचे पाणी पाठीवर उतरते, हे मी लहानपणापासून पाहत होते. कागदावर मात्र त्यातले काहीच आले नव्हते.

पुढे अमृता शेरगिल यांचे १९३५ सालचे ‘थ्री गर्ल्स’ हे चित्र मी नीट पाहिले. अमृताबाई १९१३ साली बुडापेस्टला जन्मल्या, आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसला. परदेशी लोकांना हिंदुस्थान म्हणजे राजवाडे, साधू आणि लखलखते ऊन. बाईंच्या चित्रात मात्र तीन मुली नुसत्या बसलेल्या आहेत. डोळे खाली, कशाची तरी वाट पाहत. १९३७ साली त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मनात आले, बाहेर जन्मलेल्या बाईंना जे दिसले, ते मला घरात राहून का दिसू नये?

मग मी आईचेच चित्र काढले. पहाटेचा धक्का, लिलावाची गर्दी, हातात ओल्या नोटा, पायांत चिखल. ते पाहून आमच्याच आळीतल्या बायका रागावल्या. “आमची गरिबी चव्हाट्यावर कशाला मांडलीस?” त्यांचेही खोटे नव्हते. कोळीगीत सर्वांना हवे असते, पण मासळीच्या वासाला नाक मुरडणारेही तेच असतात. तेव्हा त्या बायकांना वाटलेले भय मला समजते.

आई मात्र रागावली नाही. म्हणाली, “हे खरं हाय. पण नारली पुनवेला आमी नाचतो, तेबी खरंच हाय ना?”

भगिनींनो, तेव्हा मला माझी दुसरी चूक कळली. नाच खोटा नव्हता. वर्षाचे सारे दिवस नाचाचेच दाखवणे खोटे होते. आणि सारे दिवस चिखलाचेच दाखवणेही तितकेच खोटे. आता मी दोन्ही काढते, आणि चित्र पुरे होण्याआधी जिचे आहे तिला दाखवते.

आपल्या मंडळातही नाटुकली होतात, पोशाखांच्या स्पर्धा होतात. कुणी आगरीण होते, कुणी वारली. माझी एवढीच विनंती, की वेष चढवण्याआधी त्या घरच्या एखाद्या आजीजवळ घटकाभर बसावे. पाटी भरलेली की रिकामी, ते ती सांगेल.