मौन आणि सचोटी

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे विक्रेत्याला ठाऊक आहे. तरी लिलावात तो मौन बाळगतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे! मात्र घेणारी नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची कन्या असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. परक्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हा विचार मला खटकतो. विम्याच्या करारात मात्र परकाही कन्येच्याच जागी असतो. विमेदाराने आजार लपवायचा नाही, कंपनीनेही महत्त्वाची गोष्ट दडवायची नाही. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे बंधन उभयपक्षी मानले. आपण एजंटापुढे कोऱ्या अर्जावर सही करतो, तेव्हा मधुमेहाचा रकाना कोण भरतो?