आजारी वडिलांच्या उशाशीं



आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूस पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींच्या खाऱ्या पाण्यावर पिढ्या वाढल्या, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें जर्जर झालेलीं माणसेंही त्या गांवांनीं बरींच पाहिलीं.

हा विकार मोठा कपटी. मूत्रपिंडें बहुतांशीं निकामी होईपर्यंत तो फारसा जाणवतच नाहीं. रक्तदाब वाढला तरी वडील शेतावर जातात; कंबर दुखली कीं दुकानांतून वेदनाशामक गोळी आणवितात. अशी गोळी वर्षानुवर्षें घेतली तर मूत्रपिंडांवरच घाव घालते. पायांवर सूज दिसली, कीं मग धांवपळ!

"वेळींच कां सांगितलें नाहीं?" हा प्रश्न आम्हां मुलांच्या ओठांवर येतो. तो रास्तही आहे. परंतु आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास, डायलिसिसच्या यंत्राशीं जखडलेल्या माणसास तो विचारून काय साधणार? तपासणीचे पैसे त्यांनीं बियाण्यासाठीं व आमच्या फीसाठीं राखले, हें आम्ही कां विसरावें?

खरें कठीण काम निराळेंच. लोणचें-पापड ताटांतून काढावें लागतें. जन्मभर जे खारें पाणी प्याले, त्यांना आतां गोड्या पाण्याचा घोटही मोजून द्यावा लागतो. ते रागावतात, आणि तो राग सोसावा लागतो.

2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखालीं जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस ही सेवा विनामूल्य देण्याची योजना आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी. आणि परततांना स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्यावा. तेंच पाणी आम्हीही प्यालों आहों.