स्वदेशी औषध आणि तपासनीस

१९८२ साली बांगलादेश अवघ्या अकरा वर्षांचा होता. राजवट लष्करी, तिजोरी रिती आणि औषधांचा बाजार परकीय कंपन्यांच्या मुठीत. १२ जून रोजी वटहुकूम निघाला. १,७०० हून अधिक निरुपयोगी वा घातक औषधांवर बंदी आली. आम्लनाशके, जीवनसत्त्वे देशी उद्योगांसाठी राखली गेली. डॉ. झफरुल्ला चौधुरी यांची तळमळ त्यामागे होती. (हे धैर्य लष्करशहाने दाखवावे, हाही योगच!) परकीय दडपण आले, धोरण टिकले. परंतु तपासनीस कोठे होते? १९९० ते १९९२ या काळात ढाक्यात तापावरील सरबतात महागड्या द्रावकाऐवजी डायइथिलीन ग्लायकॉल हे विष वापरले गेले. मूत्रपिंडे निकामी होऊन कित्येक बालके दगावली. त्या बाटल्या देशातच भरलेल्या होत्या आणि विषाचा छडा लागेपर्यंत दुकानांतून उघड विकल्या जात होत्या.