हिमनदीची दप्तरे



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत मी आपल्याला एका व्रतस्थ अभ्यासकाची ओळख करून देणार आहे. ते म्हणजे अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक लॉनी थॉम्पसन. कोळशाचे भूशास्त्र शिकण्यासाठी आलेला हा तरुण बर्फाच्या अभ्यासाकडे वळला आणि तेथेच रमला.

हिमाचा दरवर्षी एक थर साचतो. कोरड्या ऋतूतील धूळ त्यावर रेघ ओढते. थर मोजले की वर्ष कळते, आणि धूळ, क्षार व प्राणवायूची समस्थानिके तपासली की त्या वर्षीचे हवामान कळते. हे नमुने ध्रुवप्रदेशातूनच मिळवावेत, अशी तेव्हा रूढ समजूत होती. थॉम्पसन मात्र १९७४ साली पेरूमधील केल्कायाच्या हिमपठारावर गेले. एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टरचा उपयोग होईना, तेव्हा १९८३ साली सौरशक्तीवर चालणारे यंत्र वापरून त्यांनी तळापर्यंतचा बर्फ काढला. त्यातून सुमारे १,५०० वर्षांचा इतिहास हाती आला.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती १९९७ सालची मोहीम. तिबेटातील शिशापांग्मा पर्वतावर, ७,२०० मीटर उंचीवरील दासुओपू हिमनदीच्या बर्फात १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत धूळ व क्षार विलक्षण वाढलेले आढळले. मोसमी पाऊस रुसल्याची ती खूण होती. श्रोतेहो, याच काळात हैदराबाद व दख्खन होरपळून काढणारा, 'कवट्यांचा दुष्काळ' म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला होता. आपल्या पूर्वजांच्या त्या हालांची साक्ष हिमालयाने दोनशे वर्षे जपून ठेवली.

परंतु ही दप्तरे आता नष्ट होत आहेत. मानससरोवरानजीकच्या गुर्ला मांधाता शिखरावरील बर्फ २००६ साली तपासला, तेव्हा १९६० च्या सुमाराच्या अणुचाचण्यांचा किरणोत्सारी थर त्यात सापडलाच नाही. वरची पाने वितळून गेली होती. किलिमांजारोवरील हिमाच्छादनापैकी सुमारे ८५ टक्के १९१२ ते २००७ या काळात नाहीसे झाले. जे नमुने आणता आले, ते विद्यापीठाच्या शीतगृहात जतन केलेले आहेत.

जीर्ण ग्रंथाची दुसरी प्रत कोठेतरी मिळण्याची आशा असते. वितळलेल्या थराची प्रत नसते. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या आपल्या संस्थेला या हानीचे मोल निराळे सांगावयास नको.