पायाकडे पाहणारी माणसे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात : किती टक्के पडले, आणि डॉक्टर होणार की इंजिनियर? आज मी ज्या व्यवसायाविषयी बोलणार आहे, त्याचे नावही आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. पोडियाट्री म्हणजे पायांच्या आजारांची तपासणी, निगा आणि उपचार. ब्रिटनमध्ये यासाठी तीन वर्षांची स्वतंत्र पदवी आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णांबरोबर शेकडो तास काम करावे लागते. आपल्याकडे हे काम आजवर सर्जन, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि ड्रेसिंग करणारी मुले वाटून घेत आली. मात्र २०२१ साली संसदेने सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला, त्याच्या परिशिष्टात पोडियाट्रिस्ट हे नाव आले आहे. २०२४ मध्ये आपल्या हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणून हा विषय आता आपल्या दारातला आहे.

तो माझ्या घरात मात्र आधीच आला होता. अब्बांना बारा वर्षांपासून मधुमेह. हळद शिजवण्याच्या दिवसांत एका संध्याकाळी अम्मीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. अब्बांना विचारले तर म्हणाले, "मला कुठे काय झालंय?" उजव्या अंगठ्याखाली जखम होती आणि त्यांना तिचा पत्ताच नव्हता. एका दवाखान्यात ड्रेसिंग सुरू झाले. ते करणारा मुलगा शिकलेला, प्रमाणपत्रधारक, हात स्वच्छ, पट्टी बघत राहावी अशी सुबक. तीन आठवडे हे चालले. जखम वाढतच गेली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्यानंतर ती जुनी चप्पल मी शिवायला नेली, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या काकांनी ती हातात घेताच उलटी केली, आत बोट फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, खिळा वर आलाय." रोज ड्रेसिंगला जाताना अब्बा तीच चप्पल घालून जात होते! त्या मुलाने ती पाहिली नाही. आणि मी, बी.ए. बी.एड. झालेला माणूस, मीही पाहिली नाही. त्या मुलाला एकट्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

पुढे जमेल तेव्हा मी हिंगोली-नांदेडकडच्या डॉक्टरांना विचारू लागलो, की नव्या मुलाला कामावर घेताना तुम्ही काय पाहता? गुणपत्रिकेविषयी फारसे कोणी बोलले नाही. एकाने सांगितले, "दुखतो तो पाय सगळेच बघतात. जो न सांगता दुसऱ्या पायाचाही मोजा काढायला लावतो, तो मला हवा." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक साधी तपासणी घ्या. नायलॉनचा एक विशिष्ट धागा असतो. तो त्वचेवर टेकवून किंचित वाकेल इतका दाबला की १० ग्रॅम जोर पडतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की सांगायचे. कळला नाही, तर त्या पायाचे संरक्षण गेले असे समजावे. ही कृती शिकायला एक दुपार पुरे. पण घट्टा पडलेल्या कातडीवर धागा टेकवू नये, "आता कळलं का?" असे विचारून उत्तर तोंडात घालू नये, आणि निकाल तारखेसह लिहून ठेवावा, या गोष्टी सवयीने येतात. जखमेचेही तसेच. "बरी आहे" असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. लांबी-रुंदी किती सेंटीमीटर, तळ लाल की काळा, वास आहे का, हे लिहिले तरच आठ दिवसांनी दुसऱ्या माणसाला जखम वाढली की भरली ते कळेल. ताप आला, बोट काळे पडले, पाय गार लागला, तर पट्टी बांधत न बसता त्याच दिवशी वरच्या डॉक्टरांकडे पाठवावे. आपल्याला काय येत नाही हे वेळेवर कबूल करणाऱ्या मुलाला डॉक्टर सोडत नाहीत.

बधिर पायाचे हे शास्त्र आपल्याच देशात घडले, हे फार थोड्यांना माहीत आहे. तमिळनाडूच्या डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप सडतात, असा तेव्हा समज होता. वेदना कळत नाही म्हणून न जाणवलेल्या इजा वाढत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल त्याच कामातून पुढे आली. तेच ज्ञान आज मधुमेहाच्या पायाला लागू पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे काम किती पडून आहे, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता बोलण्याविषयी. पुस्तकात 'संवेदना कमी होणे' असे लिहिलेले असते. आपला रुग्ण म्हणतो, "पाय सुन्न झालाय", "मुंग्या येतात", "कापसावर चालल्यागत वाटतं". कोणी दखनीत सांगेल, तांड्यावरची आजी गोरमाटीत सांगेल. आपल्या मुलांना या भाषा घरातून, गल्लीतून मिळालेल्या असतात. तिला कमीपणा समजू नका. ही शिदोरी मोठ्या शहरातून आलेल्या मुलाकडे नसते. रुग्णाला "अनवाणी शेतात का गेलात?" म्हणून रागावणे सोपे आहे. तो पुढच्या वेळी येणारच नाही. वजू केल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहू नका, पाणी पायाने न जोखता कोपराने जोखा, असे त्याच्या रोजच्या जगण्यातले सांगितले तर तो ऐकतो. हे सांगायला माणसे घरातलीच वाटावी लागतात.

पालकहो, मुलींसाठीही हे क्षेत्र चांगले आहे. आमच्या बायका पुरुषापुढे पाय उघडा करायला संकोचतात आणि जखम लपवतात. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, झाल्यावर नर्सिंग किंवा फिजिओथेरपी या वाटेने इकडे येता येते. ज्याला हातकामाची आवड आहे, त्याने मुंबईला हाजीअली येथील केंद्रीय पुनर्वसन संस्थेतील कृत्रिम अवयव व आधारसाधनांच्या पदवीची चौकशी करावी. तिथे पायाचे माप घेणे आणि साधन बनवणे, दोन्ही शिकवतात. नाहीतरी आमच्या घरचा खिळा डिग्रीवाल्याला सापडला नव्हता, चप्पल शिवणाऱ्याला सापडला होता.

ज्यांना यात रस वाटला, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे. आजोबा, आजी, ज्या कोणाला साखरेचा आजार असेल, त्यांची चप्पल हातात घ्यावी, उलटी करावी, कोणती कड जास्त झिजली ते पाहावे आणि आतून बोट फिरवावे. नंतर त्यांच्या परवानगीने दोन्ही तळवे उजेडात पाहून दिसेल ते तारखेसह वहीत लिहावे. ती वही घेऊन सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे या.