अक्कलदाढ : वेदना किती, खर्च किती

(सोसायटीच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला निमंत्रण दिले तेव्हा 'आरोग्य आणि विद्यार्थी' असा विषय सुचविला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा वकूब नाही. मी दातांचा डॉक्टर. माझे सारे जग ओठांच्या आत सामावलेले. तेव्हा आज मी फक्त एका दाढेबद्दल बोलणार आहे. ती आहे अक्कलदाढ.

नाव मोठे गमतीचे आहे. 'अक्ल' हा शब्द मुळात अरबी. अरबीतही या दाढेला अकलेची दाढ म्हणतात, इंग्रजीतही तसेच. साधारण सतरा ते पंचवीस या वयात ती उगवते, म्हणून हे नाव. हेच वय बारावीचे, कॉलेजप्रवेशाचे, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीचे आणि आमच्याकडे पुष्कळ मुलींच्या निकाहाचे. म्हणजे ही दाढ नेमकी नको त्या वेळी दारात येऊन उभी राहते. काहींना ती मुळी येतच नाही. त्यांची अक्कल कमी असते असे मात्र कोणी समजू नये.

दुखते का, हे आधी समजून घेऊ. अठ्ठावीस दात बसल्यावर जबड्यात मागे जागा उरतेच असे नाही. मग ही शेवटची दाढ तिरकी होते, कधी पूर्ण आडवी पडते आणि पुढच्या दाढेला टेकून अडकून बसते. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या झडपेखाली अन्नाचे कण साठतात, तिथे ब्रश पोहोचत नाही, हिरडी सुजते, पू होतो, तोंड उघडेनासे होते. चार दिवसांनी बरे वाटते आणि माणूस विसरून जातो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दरम्यान पुढची चांगली, चावायच्या कामाची दाढ मागच्या बाजूने किडत जाते. कित्येकदा माझ्याकडे रोगी येतो तेव्हा एकीऐवजी दोन दाढा गमावण्याची वेळ आलेली असते.

आता मी तुम्हांला एक हकिकत सांगतो. यात चूक कोणाची, हे मी सांगण्याची गरज पडणार नाही.

२०१८ सालचा ऑक्टोबर महिना. एक रिक्षाचालक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगी बारावी सायन्सला. खालची डावी अक्कलदाढ तिरकी अडकलेली, हिरडी सुजलेली. मी एक्स-रे पाहिला आणि उभ्या उभ्याच म्हणालो, 'ऑपरेशन करून काढावी लागेल. साडेपाच हजार होतील.' ते म्हणाले, 'विचार करून येतो, डॉक्टरसाहेब.' मी मान हलवली आणि पुढच्या रोग्याला बोलावले. त्यांच्या खिशात त्या दिवशी दोन हजार रुपये होते, हे मला पुढे कळले. हप्त्याने देता येतील का, हे त्यांनी विचारले नाही. येतील, हे मी सांगितले नाही.

पुढचे पाच महिने मुलीने मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून काढले. दुखले की गोळी, थांबले की अभ्यास. शेजारच्या खालांनी लवंग सांगितली, मामूंनी दुखऱ्या जागी अॅस्पिरिनची गोळी धरायला सांगितली. त्या गोळीने हिरडी आतून भाजून पांढरी पडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, परीक्षा सुरू झाल्यावर, सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. तोंड एका बोटाएवढेही उघडेना, पाणी गिळवेना. जबड्याखालची अशी सूज श्वासनलिकेवर दाब आणू शकते आणि त्यात माणूस दगावूही शकतो. रात्री तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केले, बाहेरून छेद देऊन पू काढावा लागला. चार दिवस मुलगी तिथे होती. दोन पेपर बुडाले.

नंतर तिच्या अब्बांनी एका वहीच्या कागदावर हिशेब मांडून मला दाखविला. दुकानातल्या गोळ्या सुमारे सोळाशे, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फिया नऊशे, रुग्णालय अडतीस हजार. एकूण चाळीस हजार पाचशे. त्यात आठ दिवस बंद असलेली रिक्षा धरलेली नव्हती. दाढ अजून तोंडातच होती, ती काढायची बाकीच होती. तो कागद त्यांनी तक्रार म्हणून दाखविला नाही, तेच मला जास्त लागले. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात खर्चाचा आकडा उभ्याने सांगत नाही. खुर्चीवर बसवून, कागदावर लिहून, तीन मार्ग मांडून सांगतो.

ते तीन मार्ग असे. पहिला, खासगी दवाखाना. इथे दर एकसारखा नसतो आणि त्याला कारणे आहेत. सरळ उगवलेली वरची दाढ साध्या चिमट्याने पाच-दहा मिनिटांत निघते, तिला थोडे पैसे पडतात. खालची आडवी दाढ काढताना हिरडी कापावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, दाढेचे तुकडे करावे लागतात, टाके घालावे लागतात. तिचा खर्च कितीतरी पटींनी जास्त. म्हणून 'शेजाऱ्याची हजारात निघाली, आमची सहा हजारांत का?' या प्रश्नाचे उत्तर एक्स-रेमध्ये असते. एक्स-रे, औषधे, टाके काढणे हे त्या आकड्यात धरले आहे की वेगळे, हे आधीच विचारा. विचारण्यात लाज नाही. दुसरा मार्ग, खासगीतच, पण हप्त्याने. बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत, पण कोणी बोलल्याशिवाय त्यांना कळत नाही. तिसरा मार्ग म्हणजे दंत महाविद्यालये. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूरला व छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, शासकीय महाविद्यालये आहेत. तिथे शुल्क फार कमी असते. रांग मोठी असते, दोन-तीन खेपा होतात, गाडीभाडे व बुडालेली मजुरी हाही खर्चच, तो धरून हिशेब करावा. 'तिथे शिकाऊ पोरे हात साफ करतात' असे बोलले जाते. अडकलेल्या दाढा तिथे शस्त्रक्रिया विभागात वरिष्ठांच्या देखरेखीखाली काढल्या जातात, आणि त्या विभागात एका आठवड्यात जितक्या दाढा निघतात तितक्या माझ्याकडे कैक महिन्यांत निघत नाहीत. आरोग्यविम्यावर मात्र फार विसंबू नका. साधारण पॉलिसीत अपघाताखेरीज दातांचा खर्च बसत नाही.

आता वेदनेकडे वळतो, कारण पैशापेक्षा हिचीच भीती मोठी.

सुमारे हजार वर्षांपूर्वी कॉर्डोव्हाच्या अबुल कासिम अल्-जहरावी या शल्यवैद्याने आपल्या 'अल्-तसरीफ' या ग्रंथात दात उपटण्यावर लिहिले आहे. दुखणारा दात नेमका कोणता याची आधी खात्री करा, कारण वेदनेने गोंधळलेला रोगी चांगल्याच दाताकडे बोट दाखवतो. आणि हिरडी चोहोबाजूंनी मोकळी केल्याशिवाय ओढू नका, असा त्याचा सल्ला. अडाणी न्हावी घाई करून जबडा मोडतात, अशी तक्रारही त्याने केली आहे. त्याच्याकडे ज्ञान होते, पण बधिर करण्याचे इंजेक्शन नव्हते. अमेरिकेतील हॉरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, आणि ती अक्कलदाढच होती. आज आपण वापरतो ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले.

इंजेक्शनची टोचणी लागते, हे मी नाकारत नाही. त्यानंतर काढताना दाब जाणवतो, यंत्राचा आवाज कवटीत घुमतो, पण तीव्र कळ येता कामा नये. आली तर डावा हात वर करा. आणखी औषध देता येते. खरे दुखणे दोन-तीन तासांनी, बधिरपणा उतरल्यावर सुरू होते. म्हणून पहिली वेदनाशामक गोळी बधिरपणा उतरण्यापूर्वीच घ्यावी. ज्यांना दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी गोळी लिहून घेताना तसे सांगावे. रमजानचे रोजे चालू असतील तर तेही आधी सांगा, म्हणजे औषधाच्या वेळा किंवा ऑपरेशनची तारीख त्याप्रमाणे ठरविता येते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्या दिवशी घरात घबराट होते आणि कोणीतरी वडीलधारी व्यक्ती गरम शेक देते. तो देऊ नका. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, पहिले चोवीस तास चूळ भरू नका, थुंकत बसू नका. जखमेत जी रक्ताची गाठ जमते तीच तिचे झाकण. ते निघाले तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो. ही वेदना मूळ दुखण्यापेक्षा वाईट. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. तंबाखू आणि गुटखा जखमेला तितकेच मारक. आणि भगिनींनो, मशेरीही त्यातच आली. एक गोष्ट झाकून ठेवणार नाही : खालच्या दाढेच्या मुळाजवळून एक मज्जातंतू जातो. क्वचित त्याला धक्का लागून ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहते, फारच थोड्यांना कायमची. एक्स-रे त्यासाठीही हवा.

पण म्हणून प्रत्येकाची अक्कलदाढ काढावी असे मी म्हणत नाही. याबाबत देशोदेशी मतभेद आहेत. अमेरिकेत तरुण वयात त्रास नसतानाही त्या पुष्कळदा काढून टाकतात. उलट ब्रिटनमध्ये, ज्या दाढेला रोग नाही ती काढू नये, असा निर्देश २००० साली दिला गेला. माझा कल ब्रिटनच्या बाजूने आहे. जी दाढ सरळ आली, स्वच्छ ठेवता येते, दुखत नाही, तिला तिच्या जागी राहू द्या. जी दोनदा सुजली तिची तिसरी वेळ पाहू नका.

विद्यार्थी मित्रांनो, जाता जाता एक माहिती. भारतातील पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात निघाले. ते काढणारे डॉ. रफिउद्दीन अहमद अलीगढला शिकले, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकून आले. महाविद्यालयाला पैसा नव्हता. त्यांनी आइस्क्रीमचे दुकान चालविले आणि त्या उत्पन्नातून ते उभे केले. पुढे १९४९ साली ते सरकारला देऊन टाकले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

ती मुलगी? जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसली, दोन्ही विषय सुटले, प्रवेशाचे मात्र ते वर्ष गेले. तिची दाढ मी मे महिन्यातच काढली. बत्तीस मिनिटे लागली. पैशांचे तिच्या अब्बांनी विचारले तेव्हा मी त्यांना आधी खुर्ची दिली.

आता दहावी-बारावीच्या मुलांपैकी ज्यांना मागे दुखते, त्यांनी कार्यक्रमानंतर प्रयोगशाळेच्या खोलीत यावे. मी टॉर्च व आरसा आणला आहे. पालकांनी सोबत यावे, परीक्षेला अजून चार महिने आहेत.